नवा खुबा, जुनं घर

गुडघ्याचं नशीब खुब्याला लाभलं नाही. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात गुडघा बदलून घ्यायला दाखल झाले, न्यूयॉर्कचे डॉ. चित्तरंजन राणावत शस्त्रक्रियेला आले आणि कृत्रिम गुडघा वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचला. आज कुठल्याही ज्येष्ठ नागरिक संघात गुडघा बदललेले चार जण सहज भेटतात. खुबा बदललेला माणूस मात्र विरळा. पाश्चात्त्य देशांत या दोन शस्त्रक्रियांच्या संख्येत फार मोठी तफावत नसते. आपल्याकडे गुडघे खुब्यांच्या कितीतरी पट बदलले जातात.

यातून एक गंमतशीर अडचण होते. खुबा बदलून घरी आलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण गुडघ्याचा सल्ला देऊन जातो. ‘पाय वाकव, रोज वाकव, दुखलं तरी वाकव.’ गुडघ्याच्या बाबतीत ते खरंच आहे. तिथे पहिले काही आठवडे वाकण्यासाठीच झगडावं लागतं. खुब्याला असं बळजबरीने वाकवायचं नसतं. तिथलं मुख्य औषध म्हणजे चालणं, आणि सुरुवातीला जपायचं ते नेमकं अति वाकण्यापासून. शेजाऱ्यांचा गुडघा कितीही छान झालेला असो, त्यांचा अनुभव इथे उपयोगाचा नाही.

दुसरी अडचण खोलवरची आहे. ‘खुबा बदलल्यावर किती दिवसांत बरं वाटतं?’ या प्रश्नाला एक उत्तर नसतं, कारण हे ऑपरेशन अगदी वेगवेगळ्या माणसांवर होतं. युरोप-अमेरिकेतला नेहमीचा रुग्ण म्हणजे साठी-सत्तरीचा, सांधा झिजलेला, तारीख ठरवून आलेला. आपल्याकडे त्या जोडीला मोठी रांग असते ती तिशी-चाळिशीतल्यांची. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो, हाड आतून मरतं आणि वाटीत फिरणारा हा गोळा चपटा होतो. डॉक्टर त्याला ‘एव्हीएन’ म्हणतात. स्टेरॉइडचा मोठा वापर आणि दारू ही त्याची ओळखीची कारणं. विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरकडे सिकलसेल हे आणखी एक. कोविडच्या उपचारांत स्टेरॉइड घेतलेल्यांमध्ये असे खुबे दिसू लागल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. पाठीचा कणा आखडवणाऱ्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचे तरुण रुग्णही याच रांगेत असतात. तिसरा गट आजी-आजोबांचा: न्हाणीघरात किंवा अंगणात पाय घसरतो, मांडीच्या हाडाची मान मोडते आणि काही विचार करायच्या आत ऑपरेशन होतं. शस्त्रक्रियेचं नाव सारखं असलं तरी या तिघांचं बरं होणं सारखं नसतं. या विषयावरचे बरेचसे गोंधळ हे तीन रुग्ण एकाच मापाने मोजल्यामुळे होतात, असं माझं मत आहे.

आजच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला इंग्लंडच्या रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्न्ली यांनी. त्यांनी आधी टेफ्लॉनची वाटी वापरून पाहिली. ती थोड्याच वर्षांत झिजली आणि अनेक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी अधिक चिवट पॉलिथिलीनची वाटी आणि धातूचा छोटा गोळा बसवायला सुरुवात केली. मृत्यूनंतर तो सांधा तपासणीसाठी परत मिळावा, अशी संमती ते रुग्णांकडून घेत. झीज किती झाली हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. २००७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका लेखाने या ऑपरेशनला शतकातली शस्त्रक्रिया म्हटलं, ते अतिशयोक्तीचं नव्हतं.

पण त्या काळी सांधा नवा असला तरी विश्रांतीची कल्पना जुनीच होती. आठवडेच्या आठवडे पलंगावर, पायांमध्ये उशी, हळूहळू बसणं, मग उभं राहणं. ही चौकट मोडायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी रुग्णाला पलंगाला काय काय बांधून ठेवतं याचाच हिशेब मांडला: वेदना, मळमळ, लघवीची नळी, जखमेतली नळी, उपाशी ठेवणं आणि निव्वळ सवय. एकेक गोष्ट काढून टाकल्यावर माणूस त्याच दिवशी उभा राहू शकतो, हे दिसून आलं. कमरेखालची भूल, वेगवेगळ्या प्रकारच्या वेदनाशामकांची लहान मात्रांत सांगड आणि रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे आता नित्याचं झालंय. (हे औषध जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांच्या पतीने शोधलं, त्याची माहिती प्रसिद्ध झाली तीही १९६२ मध्येच. खुब्याच्या रुग्णांना रक्त चढवण्याची वेळ कमी येऊ लागली त्याचं बरंचसं श्रेय या बाईंना आहे, आणि त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही.) काही देशांत निवडक रुग्ण त्याच संध्याकाळी घरी जातात. आपल्याकडे साधारण तीन ते पाच दिवस ठेवतात, आणि घरी लिफ्ट नसेल तर ते वाजवीही आहे.

दुखऱ्या सांध्याच्या रुग्णाला पहिला सुखद धक्का लवकर बसतो. वर्षानुवर्षं रात्री जागवणारी, जांघेतली खोल कळ ऑपरेशननंतर चक्क गायब असते. उरतं ते जखमेचं दुखणं, आणि ते दिवसागणिक उतरतं. मात्र घरी आल्यावरचे पहिले दोन आठवडे बहुतेकांना घाबरवतात, कारण तेव्हा काय होणार हे कुणी नीट सांगितलेलं नसतं. पाय खाली सोडून बसल्यावर सूज वाढते. काळानिळा डाग मांडीवरून गुडघ्यापर्यंत, कधी घोट्यापर्यंत उतरतो. पाठीवरच झोपायचं म्हणून झोप तुटते. वेदनाशामकांमुळे शौचाला होत नाही, आणि खरं सांगायचं तर पहिल्या आठवड्यात अनेकांना सांध्यापेक्षा याचाच त्रास जास्त असतो. शिवाय ‘पाय लांब झाला’ ही तक्रार. वर्षानुवर्षं कंबर एका बाजूला झुकवून चाललेलं असतं, आखडलेले स्नायू सैल व्हायला वेळ लागतो, म्हणून तसं वाटतं. बऱ्याच जणांचं हे वाटणं तीन-चार महिन्यांत जातं. तोवर चपलेत घाईने जाड तळ घालू नये.

टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. वॉकरवरून काठीवर आणि काठीवरून मोकळं चालणं सहा आठवड्यांच्या आगेमागे जमतं. मोटार चालवणंही तेव्हाच, कारण उजव्या पायाला ब्रेक झटकन दाबण्याची चपळाई यायला साधारण तेवढा वेळ लागतो. पतीपत्नींच्या शारीरिक संबंधांनाही बहुधा सहा आठवड्यांनंतर हरकत नसते. हा प्रश्न ओपीडीत कुणी विचारत नाही आणि डॉक्टरही आपण होऊन काढत नाहीत. दुचाकीवर साडी नेसून एका बाजूला बसणं मात्र सर्जनला विचारल्याशिवाय सुरू करू नये. त्यात कंबर आणि पाय वेगवेगळ्या दिशांना पिळले जातात.

काठीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे हटकून चूक होते. काठी ऑपरेशन झालेल्या पायाच्या बाजूला नव्हे, विरुद्ध हातात धरायची. आपण एका पायावर उभे राहतो तेव्हा अंगाचं वजन कंबरेला दुसऱ्या बाजूला पाडू पाहतं आणि खुब्याच्या बाहेरचा स्नायू तिला ओढून सपाट ठेवतो. हा स्नायू सांध्याच्या अगदी जवळ असल्याने त्याला वजनाच्या दुपटीच्या आसपास जोर लावावा लागतो, आणि हा जोर व वजन दोन्ही सांध्यावर येतात. जर्मनीच्या फ्रीडरिख पाउवेल्स यांनी १९३० च्या दशकात हे गणित मांडलं. पुढे बर्लिनमध्ये गेऑर्ग बेर्गमन यांच्या गटाने संवेदक बसवलेले कृत्रिम खुबेच रुग्णांना लावले आणि प्रत्यक्ष मोजमाप घेतलं: साध्या चालीत सांध्यावर वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, अडखळल्यावर तो आठपटींच्याही वर जातो. विरुद्ध हातातली काठी त्या स्नायूचं काम हलकं करते. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हाही नियम लक्षात ठेवावा.

आणि अडखळण्याच्या आकड्याचा अर्थ घरात शोधायचा. उंबरठा, सरकणारी पायपुसणी, मोरीतली ओल, रात्री विजेचं बटण सापडेपर्यंतचा अंधार. ऑपरेशनच्या खर्चात हातभार लावणारे नातेवाईक खूप असतात. न्हाणीघराच्या भिंतीला एक दांडा बसवून घेणारा मात्र शोधावा लागतो.

आता मांडी घालण्याचा प्रश्न. मराठी रुग्ण सर्वांत आधी हाच विचारतो आणि पाश्चात्त्य माहितीपत्रकांत याचंच उत्तर नसतं. ती पत्रकं खुर्चीवर जगणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. आपलं पूजा, पंगत, नमाज, भाजी निवडणं, खुरपणी, पाटावर बसून मासे विकणं, सगळं जमिनीशी. गावाकडच्या शौचालयात उकिडवं बसायचं भांडं. सर्जन मागच्या बाजूने सांधा उघडतो तेव्हा तीन गोष्टींना बंदी असते: नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही. कारण या तिन्ही एकत्र आल्या तर गोळा मागच्या बाजूने वाटीबाहेर निसटू शकतो. निसटण्याचं प्रमाण साधारण एक ते तीन टक्के, आणि त्यातले बरेचसे पहिल्या तीन महिन्यांतले, म्हणजे भोवतालच्या ऊती भरून यायच्या आतले.

पण या बंदीचा पुरावा किती भक्कम आहे? कॉक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्याला या निर्बंधांच्या बाजूने वा विरोधात ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा सापडला नाही. बाजूने किंवा पुढून केलेल्या शस्त्रक्रियांनंतर अनेक ठिकाणी आता निर्बंध सैल केले जातात आणि सांधे निसटण्याचं प्रमाण त्याने वाढलेलं दिसत नाही. शिवाय गोळे मोठे झाले, आणि फ्रान्समध्ये जील बुस्के यांनी १९७० च्या दशकात काढलेली दुहेरी हालचालीची वाटी आपल्याकडेही वापरात आली. तीत लहान गोळा मोठ्या गोळ्यात आणि मोठा वाटीत फिरतो, त्यामुळे निसटणं अवघड होतं. जमिनीवर बसण्याची गरज असलेल्यांसाठी ती उपयोगी पडते.

गंमत अशी की मांडी घालण्यात पाय बाहेर वळलेला आणि फाकलेला असतो. मागून उघडलेल्या सांध्याला ही स्थिती तितकी धोक्याची नाही. जास्त धोका असतो सखल दिवाणावरून गुडघे जुळवून, पुढे झुकून उठण्यात, किंवा बसल्या बसल्या पायाबाहेर पडलेली वस्तू अंग पिळून उचलण्यात. हे सहसा कुणी मोजत नाही, कारण ते ‘खाली बसणं’ नव्हे. आपल्याकडचे अनेक सर्जन निवडक रुग्णांना तीन महिन्यांनंतर मांडी घालू देतात. उकिडवं बसणं ही मोठी परवानगी आहे, ती सांधा कोणता आणि कसा बसवला यावर अवलंबून. म्हणून हा संवाद ऑपरेशनच्या आधी व्हायला हवा. ‘मला शेतात खुरपायला बसावं लागतं’ हे बाईने आधी सांगितलं तर सर्जन वेगळी वाटी निवडू शकतो. नंतर सांगितल्यावर तो फक्त ‘नको’ म्हणू शकतो. पहिल्या तीन महिन्यांचं उत्तर मात्र सगळ्यांना एकच: भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची, उंच आसन, आणि झोपताना पायांमध्ये उशी.

शस्त्रक्रिया पुढून करावी की मागून, यंत्रमानवाच्या मदतीने की हाताने, यावर जाहिराती खूप बोलतात. पुढून केल्यास पहिले काही आठवडे थोडे सोपे जातात, तीन महिन्यांनी फरक फारसा उरत नाही. यंत्रमानव वाटी अधिक अचूक बसवतो. त्याने रुग्ण पुढे अधिक चांगला चालतो हे अजून ठळकपणे दिसलेलं नाही. ज्या सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलेला आहे ती पद्धत बरी.

व्यायामाबद्दल एक दिलासा आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत फिजिओथेरपिस्टकडे नियमित जाणारे आणि समजावून दिलेले व्यायाम घरीच करणारे यांच्यात फरक आढळला नाही. तालुक्याच्या गावी फिजिओ मिळत नाही म्हणून हळहळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अर्थात ते रुग्ण ठरवून ऑपरेशन केलेले होते. मोडलेल्या खुब्याच्या आजीला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. खुब्याबाहेरचा स्नायू वर्षभर कमकुवत राहू शकतो आणि लंगडेपणा त्याच्यामुळेच रेंगाळतो. कुशीवर झोपून पाय वर उचलण्याचा कंटाळवाणा व्यायाम म्हणूनच महिनोन्महिने करायचा असतो, आणि तो तिसऱ्या महिन्यात, दुखणं थांबलं की, सुटतो.

त्याहून विचित्र गोष्ट अशी की वेदना गेल्या, ताकद आली, तरी माणसं जास्त चालत नाहीत. घड्याळासारखी यंत्रं बांधून मोजणाऱ्या अभ्यासांत ऑपरेशननंतर सहा महिन्यांनीही रोजच्या हालचालीत नगण्य वाढ दिसली. दुखण्याच्या काळात आवळलेलं आयुष्य आपोआप सैल होत नाही. आपल्याकडे त्यात घराची भर पडते. ब्युरोतून आलेली मावशी पाण्याचा पेलासुद्धा हातात देते, सून ताट पलंगावर आणते आणि सगळे मिळून माणसाला प्रेमाने अपंग करतात. उलट घरची बाईच रुग्ण असेल तर चित्र वेगळं: दहाव्या दिवशी ती ओट्याशी उभी. पुरुष फार उशिरा उठतात आणि बायका फार लवकर, असं दिसतं.

दोन धोक्यांवर मात्र नजर हवी. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका पहिल्या काही आठवड्यांत असतो, म्हणून रक्त पातळ ठेवणारी औषधं साधारण महिनाभर देतात. त्यांत स्वस्त ॲस्पिरिन पुरेसं आहे का यावर वाद आहे. २०१८ च्या चाचणीत पाच दिवस महागडं औषध आणि मग ॲस्पिरिन हा मार्ग तितकाच चांगला ठरला. २०२२ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत पहिल्यापासून नुसतं ॲस्पिरिन रक्त पातळ ठेवणाऱ्या इंजेक्शनपेक्षा कमी पडलं. आपण मध्येच गोळ्या थांबवू नयेत, एवढं रुग्णाला पुरे. एका पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर मालिशवालीला बोलावू नये. तिथे दाबणं धोक्याचं. धाप लागली, छातीत दुखलं तर फोनवर सल्ले न विचारता थेट रुग्णालय. दुसरा धोका जंतुसंसर्गाचा, साधारण एक टक्का. आठवड्यानंतरही जखम पाझरत असेल तर घरी पट्ट्या बदलत किंवा परस्पर प्रतिजैविक घेत बसू नये, ज्याने ऑपरेशन केलं त्यालाच दाखवावी.

मोडलेल्या खुब्याची गोष्ट निराळी आणि कठोर आहे. मोडल्यानंतर वर्षभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण जगभर साधारण २० ते ३० टक्के सांगितलं जातं. वाचलेल्यांपैकी निम्म्यांच्या आसपास पूर्वीसारखे चालू लागतात. याला सांधा कारण नसतो. वय, आधीचे आजार, अंथरुणातला काळ, न्यूमोनिया आणि ऑपरेशननंतरचा भ्रम ही कारणं. आजी अचानक वेगळंच बोलू लागते, माणसं ओळखत नाही, आणि घरच्यांना वाटतं भूल चढली. चष्मा, श्रवणयंत्र, उजेड, ओळखीचा चेहरा आणि लवकर उभं करणं यांनी हा भ्रम बराच कमी होतो. भारतासह १७ देशांत झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हिप अटॅक’ चाचणीत, निदानानंतर सुमारे सहा तासांत ऑपरेशन केल्याने मृत्यू कमी झाले नाहीत, पण भ्रम कमी झाला आणि रुग्ण लवकर उभे राहिले. तिथे तुलना चोवीस तासांशी होती. आपल्याकडे तालुक्याहून जिल्ह्याला, तपासण्या, पैशांची जुळवाजुळव यांत दिवस जातात.

‘आजीचा अर्धाच बदलला’ असं कळल्यावर नातेवाइकांना फसवल्यासारखं वाटतं. तसं नसतं. मोडलेल्या खुब्यात वाटी शाबूत असते, म्हणून पुष्कळदा फक्त गोळा बदलतात. २०१९ च्या मोठ्या चाचणीत दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण अर्धा आणि पूर्ण खुबा बदललेल्या दोन्ही गटांत जवळपास सारखं निघालं. पूर्ण बदललेल्यांचं चालणं-फिरणं किंचित सरस. वयाची भीती बाळगणाऱ्यांसाठी राणी एलिझाबेथ दुसरी यांच्या मातोश्रींचं उदाहरण आहे. त्यांचा एक खुबा १९९५ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी बदलला. जानेवारी १९९८ मध्ये पडून दुसरा मोडला, तोही बदलला. २००२ मध्ये त्या वारल्या तेव्हा १०१ वर्षांच्या होत्या. त्यांच्या दिमतीला काय काय असेल ते सोडून देऊ.

या आजी-आजोबांच्या बाबतीत मला सर्वांत खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. हाड ठिसूळ होतं म्हणून ते मोडलं, आणि त्या ठिसूळपणाचा उपचार पुष्कळदा सुरूच होत नाही. २००७ च्या एका चाचणीत खुबा मोडलेल्यांना वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिडची सलाइन दिल्यावर नवे अस्थिभंग ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. वर्षातून एक सलाइन! पण ऑपरेशन झालं की फाइल बंद होते, आणि आजीला आजारपणाचं म्हणून मऊ भात, पेज आणि साबुदाण्याची खीर. स्नायू भरून यायला लागतात ती प्रथिनं, म्हणजे डाळ, दूध, अंडी, मासे. डिंकाचा लाडू खुशाल द्यावा, पण त्याने हे भागत नाही.

राहिले ते तिशी-चाळिशीतले. ते सर्वांत झपाट्याने बरे होतात आणि सर्वांत जास्त काळ त्यांना या सांध्याबरोबर काढायचा असतो. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार सुमारे ५८ टक्के कृत्रिम खुबे २५ वर्षं टिकतात. सत्तरीतल्याला हा आकडा आयुष्यभराची हमी वाटतो, पस्तिशीतल्याने मात्र दुसऱ्या ऑपरेशनची शक्यता धरून चालावं. शिवाय एव्हीएन पुष्कळदा दोन्ही बाजूंना असतो, त्यामुळे एका खुब्यातून सावरता सावरता दुसऱ्याची तारीख जवळ येते. टेनिसपटू अँडी मरे जानेवारी २०१९ मध्ये खुब्यावर धातूची टोपी बसवून घेऊन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँटवर्पची स्पर्धा जिंकला, हे उदाहरण या वयाचे रुग्ण हमखास देतात. त्याची शस्त्रक्रिया वेगळी होती आणि त्याचा दिवसही. पोत्यांची हमाली करणाऱ्याने त्याच्याशी तुलना करू नये. शिवाय सगळ्यांचंच दुखणं जातं असंही नाही. वेगवेगळ्या अभ्यासांत ७ ते २३ टक्के रुग्णांना पुढेही त्रासदायक वेदना राहिल्याचं दिसलं.

सांध्याचं आयुष्य सर्जनच्या हातावर आणि रुग्णाच्या वापरावर अवलंबून असतं, तसंच तो बनवणाऱ्यावरही. ऑगस्ट २०१० मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीने एएसआर हा धातूवर धातू घासणारा खुबा जगभरातून परत मागवला. त्यातून सुटणारे धातूचे कण भोवतालच्या ऊतींना आणि रक्तात उतरून शरीराला अपाय करत होते. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो वापरला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने हे प्रकरण लावून धरलं, पुढे केंद्राच्या समितीने अहवाल दिला, भरपाईचं सूत्र ठरलं. पण बहुसंख्य रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही. ज्यांच्या शरीरात तो सांधा होता त्यांतल्या अनेकांना तो कोणता आहे हे ठाऊक नव्हतं.

प्रत्येक सांध्याच्या खोक्यात कंपनी, माप आणि तुकडीचा क्रमांक छापलेले छोटे स्टिकर असतात. ऑपरेशन थिएटरमध्ये ते रुग्णालयाच्या कागदांवर चिकटवतात. डिस्चार्जच्या दिवशी बिल तपासताना ते स्टिकर मागून घ्यावेत, त्यांचा फोटो मुलाच्या आणि मुलीच्या फोनमध्ये ठेवावा आणि शस्त्रक्रियेची नोंद मूळ फाइलीत जपावी. वीस वर्षांनी दुसऱ्या गावातला दुसरा सर्जन सर्वांत आधी हेच विचारणार आहे.